तुंबा आणि ब्रेक

मोटारीच्या अंगोपांगांविषयीं आम्हीं लिहावें, हें पाहून आमच्या नेहमींच्या वाचकांस थोडें हसूं येईल, आणि तें येणें रास्तच आहे. धातुरूपावलि घोकवून घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास कॅलिपर आणि बेअरिंग ह्यांच्याशीं काय कर्तव्य? परंतु प्रसंगच असा आला कीं, नाशिकच्या एका गॅरेजांत लांकडी बांकावर बसून आम्हांस चार दिवस ह्याच शास्त्राचा अभ्यास करावा लागला. जें समजलें तें ज्यांच्या दारांत जुनी गाडी आहे अशा पुष्कळ घरीं उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रसंग २०२४ सालच्या आषाढांतला. आमच्या एका दिवंगत शिक्षकबंधूंच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतों, एके दिवशीं सायंकाळीं घरीं आल्या. डोळ्यांच्या उपचारासाठीं त्यांना दर महिन्यास ठाण्यास जावें लागे आणि मुलगा त्यांना आपल्या गाडींतून नेत असे. "भावजी," त्या म्हणाल्या, "मी आतां ह्या गाडींत बसणार नाहीं. रेल्वेनें जाईन. तो ऐकत नाहीं. तुमचा विद्यार्थी आहे, तुम्ही सांगा." कारण विचारतां त्यांनीं सांगितलें तें असें: मागल्या खेपेस कसारा घाट उतरतांना मुलानें ब्रेक दाबला तों पाय सरळ खालपर्यंत गेला आणि गाडी थांबेना. दोनदां तीनदां दाबल्यावर ती कशीबशी आवरली व पुढच्या ट्रकपासून दोन हातांवर उभी राहिली. वाटेंत अर्धा तास थांबून पुन्हां निघाले, तेव्हां ब्रेक जणूं कांहीं झालेंच नाहीं असा पूर्ववत् लागूं लागला. "आणि गाडी घुमते," त्यांनीं उठतां उठतां पुस्ती जोडली. "वर्षभर सांगतें आहें, गाडी घुमते. तो म्हणतो, आई, तो रस्त्याचा आवाज."

मुलगा दुसऱ्या दिवशीं आला. अंबडच्या एका कारखान्यांत तो इंजिनियर आहे, आणि गाडी हा त्याचा जीव कीं प्राण. स्कोडा कंपनीनें औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, शेंद्रा येथें २००१ सालापासून ऑक्टाव्हिया गाड्या जुळविण्यास आरंभ केला. त्यांतील आरएस हा जो प्रकार, त्यांपैकीं २००५ सालची ही एक. १.८ लिटरांचें टर्बो इंजिन आणि दीडशें अश्वशक्ति. बाहेरून पाहिल्यास सभ्य गृहस्थाची गाडी, पोटांत मात्र शर्यतीचा घोडा. ती त्यानें दुसऱ्या हातची घेतलेली. नाशिकच्या परिसरांत रॅली ऑफ महाराष्ट्र ही मोटारींची शर्यत होत असे, तेव्हांपासून ह्या मुलास असल्या गाड्यांचा नाद.

त्यानें टेबलावर एक यादी पसरली. पुढच्या चाकांना भल्यामोठ्या डिस्क, चार चार पिस्टनांचे कॅलिपर, आणि हबवर चढवावयाच्या जाड चकत्या. ह्या गाडीच्या हबवरील पांच बोल्टांचें वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचें असतें. चकती चढविली म्हणजे तें ११२ चें होतें व मोठ्या गाड्यांचीं रुंद चाकें तिला लागतात. एकूण खर्च दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक. "गुरुजी, ब्रेक लहान पडतात, म्हणून असें झालें. मोठे बसवितों, म्हणजे आई बसेल."

आम्हांस यंत्रशास्त्र येत नाहीं, पण प्रश्न विचारतां येतो. आम्हीं म्हटलें, "एकोणीस वर्षें ही गाडी ह्याच ब्रेकांवर थांबत आली. मग ते ह्या आषाढांतच लहान कसे झाले? आणि अर्ध्या तासानें पुन्हां मोठे कसे झाले?" तो कांहीं बोलला नाहीं. मग आम्हीं पाटी घेतली.

ब्रेक हा गाडी थांबवितो असें आपण म्हणतों. वस्तुतः तो एवढेंच करतो कीं, गतीची उष्णता करून ती हवेंत सोडून देतो. चार माणसें बसलेली ही गाडी सुमारें १६०० किलो भरते. ताशीं ८० किलोमीटर वेगानें धांवतांना तिच्या अंगीं सुमारें चार लक्ष जूल इतकी गतिज ऊर्जा असते. एकदां जोरानें थांबावयाचें म्हणजे इतकी उष्णता क्षणार्धांत चार चाकांपाशीं उत्पन्न होते, आणि वजन पुढें झुकत असल्यामुळें तिचा मोठा वांटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. हें एकदां थांबण्याचें झालें. घाटाचें गणित वेगळें. इगतपुरीच्या बाजूचा माथा आणि कसाऱ्याचा पायथा ह्यांच्या उंचींत सुमारें ३०० मीटरांचें अंतर आहे. गाडी एकाच मंद गतीनें उतरली तरी ह्या उतारानें तिच्या पदरीं ४७ लक्ष जूल पडतात. म्हणजे ऐशींच्या वेगानें धांवणारी गाडी लागोपाठ बारा वेळां करकचून थांबविल्यासारखें झालें. इतक्या उष्णतेनें चौदा लिटर पाण्याची घागर आधण येऊन उकळूं लागेल. त्यांतली कांहीं उष्णता इंजिन घेतें, कांहीं वारा घेतो. परंतु गाडी वरच्या गियरांत ठेवून पाय ब्रेकवरच टेंकून उतरणारा मनुष्य ही सगळी घागर चाकांपाशीं उकळीत असतो. "कोणत्या गियरमध्यें उतरलास?" आम्हीं विचारलें. "चौथ्या," तो हळूच म्हणाला.

हाच घाट रेल्वेनें १८६५ सालीं ओलांडला. तेथें लोहमार्गाचा चढ ३७ मीटरांत १ मीटर इतका उभा आहे, आणि तेव्हांपासून आजतागायत रेल्वे त्या उताराला भिऊन वागते. वर चढणाऱ्या गाडीस मागून जादा इंजिनें लावतात. खालीं येणारी गाडी आवरेनाशी झाली तर तिला वळवून उलट चढावर नेऊन अडविण्याकरितां आडमार्ग बांधलेले आहेत. दीडशें वर्षांहून अधिक काळ ज्या जागेचा रेल्वे इतका मान राखते, तेथून आपण चौथ्या गियरांत गाणीं ऐकत उतरतों. आमच्या लहानपणीं काकांची फियाट होती. तिच्या चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. ड्रम म्हणजे झांकलेलें भांडें. आंत तापलेली हवा लवकर बाहेर पडत नाहीं, आणि तापलेला ड्रम फुगून ब्रेकच्या शूपासून दूर सरकतो. म्हणून काका घाटाच्या माथ्यावर थांबून गाडी दुसऱ्या गियरांत टाकीत आणि मगच उतरूं लागत. चढतांना जो गियर, तोच उतरतांना, हा त्यांचा नेम. डिस्क उघडी असते, वारा तिला दोन्ही अंगांनीं लागतो. तिचें पेटंट इंग्लंडांत लँचेस्टरनें १९०२ सालींच घेतलें होतें, पण जगाचे डोळे उघडले ते १९५३ सालीं, जेव्हां जग्वार गाडीनें डिस्क ब्रेकांच्या बळावर फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. डिस्क आल्या आणि काकांचा नेम मात्र गेला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे गॅरेजांत गेलों. तेथील मेस्त्री मितभाषी. त्यानें यादी पाहिली, घडी करून खिशांत घातली आणि गाडी जॅकवर उचलली.

पहिली गोष्ट निघाली ती ब्रेक ऑइलची. ऑइल म्हणतात खरें, पण तें तेल नव्हे. ग्लायकॉल जातीचा द्रव आहे तो, आणि त्याला एक खोड आहे: तो हवेंतला ओलावा शोषून घेतो. ब्रेकवर पाय पडला म्हणजे हा द्रव नळ्यांतून दाब पोहोंचवितो. पास्कल ह्या फ्रेंच पंडिताचा नियम आपण शाळेंत शिकलों, तोच हा. द्रव दबत नाहीं म्हणून तें साधतें. परंतु तो उकळला तर वाफ होते, आणि वाफ दबते. मग पाय खालीं जातो आणि चाकाला कांहीं कळतच नाहीं. डॉट ४ जातीचा कोरा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. त्यांत शेंकडा पावणेचार इतकें पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. इगतपुरीस वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या ओल्या हवेंतून दर महिन्यास जाणाऱ्या गाडीचा द्रव दोन वर्षांनीं बदलावयास हवा. मेस्त्रीनें झांकण उघडून दाखविलें तर द्रव काढ्यासारखा काळा. "हा केव्हां बदलला?" आमच्या इंजिनियरास आठवेना. म्हणजे आषाढांत लहान झाला तो ब्रेक नव्हता. द्रवाची सहनशक्ति संपली होती, आणि गाडी थांबून थंड होतांच वाफेचें पुन्हां पाणी होऊन ब्रेक परत आला होता.

दुसरी गोष्ट मागच्या डाव्या चाकाची. ह्या गाडींत हातब्रेकची तार मागच्या कॅलिपरवरील एका तरफेस जोडलेली असते. ती तरफ गंजून अर्धवट अडकली होती. म्हणजे तें चाक अखंड थोडें थोडें घांसत होतें, आणि घाट सुरू होण्यापूर्वींच तापलेलें होतें.

तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची, आणि ह्या लेखाचें निमित्तही तीच. मेस्त्रीनें पुढचें उजवें चाक वरच्या व खालच्या टोकांस दोन हातांनीं धरून हलविलें. चाक किंचित् डुललें. मग त्यानें एका हाताचीं बोटें स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानें चाक फिरविलें आणि आम्हांसही बोटें ठेवावयास सांगितलें. जात्याच्या खुंट्यास हात लावावा तशी बारीक घरघर बोटांस लागली. बेअरिंग गेलें होतें. "गाडी घुमते का?" त्यानें विचारलें. "डावीकडे वळतांना जास्त?" वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून डाव्या वळणावर उजवें बेअरिंग अधिक ओरडतें. वहिनी मागच्या आसनावर बसून वर्षभर हेंच सांगत होत्या.

येथें जरा शब्दांकडे वळतों. मोडलेली संवय जात नाहीं. बैलगाडीच्या चाकाचा जो मधला गोल लांकडी गड्डा, ज्यांत आरे खोंचलेले असतात, त्यास आपण तुंबा म्हणतों. संस्कृतांत ती नाभि. आऱ्यास अर, बाहेरच्या कड्यास नेमि, आंसास अक्ष. नाभींत खोंचलेल्या आऱ्यांचा दृष्टान्त उपनिषदांत एकाहून अधिक ठिकाणीं येतो, आणि चाक निसटूं नये म्हणून आंसाच्या टोंकास जी खीळ मारतात तिला वेदांत आणि असा शब्द आहे. आपल्या मराठींतलें आणि हें अव्यय अन्यत् ह्यापासून आलें, दोहोंचा संबंध नाहीं. पण दोन वस्तु एकत्र धरून ठेवणें हें दोघांचेंही काम, म्हणून आम्ही वर्गांत ही जोडी मुद्दाम सांगत असूं. कठोपनिषदांत रथाचें प्रसिद्ध रूपक आहे; त्यांत लगाम आहे, सारथि आहे, पण ब्रेक नाहीं, कारण घोडा थांबला म्हणजे रथ थांबतो. मोटारींत घोडा इंजिनांत कोंडला आणि थांबविण्याचें काम तुंब्यापाशीं आलें.

तें कसें, हें मेस्त्रीनें बोल्ट काढून दाखविलें. मोटारीचा हब म्हणजे तोच तुंबा. तो बेअरिंगांत फिरतो. त्याच्याच तोंडावर आधीं ब्रेकची डिस्क बसते आणि डिस्कवर चाक. डिस्कच्या दोन अंगांना कॅलिपरांतील पॅड अगदीं खेटून उभे असतात. मधली फट केंसाएवढी. आतां बेअरिंगांत सैलपणा आला, म्हणजे वळणावर हब डुलतो, त्याबरोबर डिस्क डुलते, आणि ती पॅडांना कोपरखळी मारून मागें ढकलते. पुढच्या वेळीं ब्रेक दाबला कीं पहिला अर्धा पाय पॅडांना परत आणण्यांतच जातो. दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागतो. घाट म्हणजे वळणावर वळण. त्यांत एकीकडे द्रवाची वाफ, दुसरीकडे मागें सरलेले पॅड. वहिनींनीं सांगितलेलें दोनदां तीनदां दाबणें हें असें उलगडलें. ह्या डुलणाऱ्या हबवर वाटेल तेवढी मोठी डिस्क बसविली असती, तरी तीही डुललीच असती. आणि व्यास मोठा म्हणून तिचा कांठ अधिकच डुलला असता.

बेअरिंग दोन वर्षांपूर्वींच बदललेलें होतें, असें मालक म्हणाला. कोठें, तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रवासांत आवाज आला, रस्त्याकांठच्या एका दुकानीं तासाभरांत काम उरकलें होतें. मेस्त्रीनें जुनें बेअरिंग उकलून त्याच्या आंतल्या वाटेवर नख फिरविण्यास सांगितलें. समान अंतरावर बारीक खड्डे. हातोड्यानें ठोकून बसविल्याची ती खूण. ह्या गाडीचें पुढचें बेअरिंग भरभक्कम पोलादी खोबणींत दाबून बसवावें लागतें, तेंही प्रेसखालीं, आणि जें कडें खोबणींत जावयाचें त्याच कड्यावर दाब देऊन. आंतल्या कड्यावर दाब दिला, कीं तो गोळ्यांतून पलीकडे जातो आणि नवें बेअरिंग डब्यांतून काढल्याच्या दिवशींच म्हातारें होतें. आंसाचा मोठा नट एकदां काढला कीं टाकून द्यावयाचा, तोही जुनाच परत लावलेला. वर बेअरिंगच्या पेटीवर नांव प्रसिद्ध कारखान्याचें, छपाई मात्र पुसट. बाजारांत नकली मालाचा सुळसुळाट आहे हें मेस्त्रीनें एका शब्दानें सांगितलें आणि थुंकला.

चाकांचीही एक गोष्ट निघाली. आधींच्या मालकानें हौसेनें दुसरीं चाकें बसविलेलीं. ह्या गाडीच्या हबच्या मध्यभागीं ५७.१ मिलिमीटर व्यासाचा एक उंचवटा असतो. मूळ चाकाचें भोंक त्यावर नेमकें बसतें आणि चाक आपोआप मध्यावर येतें. ह्या नव्या चाकांचें भोंक मोठें, मध्यें भरीचें कडें घातलेलें नाहीं. चाक नुसतें बोल्टांवर लोंबत होतें. शिवाय ह्या गाडीच्या मूळ बोल्टांची बैठक गोलाकार, चाकांची मात्र शंकूसारखी उतरती; म्हणजे बोल्ट घट्ट वाटे, परंतु टेंकलेला असे एका रेघेवर. हें पाहून आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. ब्रेक गेल्याचें त्यास तितकें वाटलें नव्हतें; तो हौशी खराच, पण लेथवर काम केलेला मनुष्य, आणि रेघेवर टेंकलेला बोल्ट म्हणजे काय हें त्याला सांगावें लागलें नाहीं.

मग यादी खिशांतून निघाली. मेस्त्रीनें पेन्सिलीनें चकत्यांवर काट मारली. चकतीनें चाक बाहेर सरकतें. वजन तेवढेंच, पण तें लांबून टांगल्यासारखें बेअरिंगवर येतें, आणि सुकाणूस रस्त्याचे धक्के अधिक लागतात. आधींच रडणाऱ्या बेअरिंगवर आणखी ओझें कशाला? चार पिस्टनांचे कॅलिपरही गेले. ते वाईट असतात म्हणून नव्हे. पण पायाखालचा मुख्य पंप जुन्याच मापाचा. कॅलिपरांचें पोट मोठें झालें कीं त्याच पंपाला अधिक द्रव ढकलावा लागतो आणि पाय लांब जातो. पुढच्या व मागच्या चाकांतील ब्रेकांची वांटणी कारखान्यानें बसविलेली असते, तीही बिघडते. आणि चाकें अडकूं न देणारी जी एबीएस म्हणून व्यवस्था आहे, तिचे हिशेब ह्या सगळ्यावर बेतलेले असतात. शर्यतीचे कडक पॅडही काटले. ते तापल्याशिवाय धरीत नाहींत, आणि गंगापूर रोडवर सकाळीं शाळेच्या पोरासमोर थांबावयाचें तें थंड ब्रेकांवरच.

एक मागणी मात्र त्यानें मान्य केली, आणि ती मान्य करण्यांत आम्हांसही कांहीं गैर दिसलें नाहीं. ह्या गाडीवरील पुढच्या डिस्क २८८ मिलिमीटरांच्या. त्यांच्या कांठावर किमान जाडी कोरलेली असते. मापून पाहिल्या तर त्या तिच्याही खालीं झिजलेल्या. त्या बदलणें भागच. ह्याच घराण्यांतील गाड्यांवर कारखान्यानेंच ३१२ मिलिमीटरांच्याही डिस्क बसविलेल्या आहेत, आणि त्यांस कॅलिपर तेच चालतात, फक्त त्यांना धरणारा कंस बदलावा लागतो. चाक निदान सोळा इंची हवें, तें होतें. पिस्टन तोच म्हणून पंपाचें गणित तसेंच राहतें. व्यास शेंकडा आठांनीं वाढला, तितकी पकड वाढली, आणि धातूचें वस्तुमान वाढल्यामुळें तीच उष्णता अधिक ठिकाणीं वांटली गेली. घाटांत ह्या दुसऱ्या गोष्टीचाच उपयोग. डिस्क बसविण्यापूर्वीं हबच्या तोंडावरील गंज तारेच्या ब्रशानें निपटून काढला आणि सूक्ष्ममापक लावून डिस्क फिरविली. कांटा मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आंत राहिला तेव्हां मेस्त्रीनें मान हलविली. हबवर राहिलेला गंजाचा एक पापुद्राही डिस्क तिरपी बसविण्यास पुरतो. मग कांहीं महिन्यांनीं ब्रेक लावतांच सुकाणू थरथरूं लागतें, आणि लोक डिस्क वांकली म्हणून निष्कारण दुसरी घेतात.

नवीं बेअरिंगें दोन्ही पुढच्या चाकांस, सातपूरच्या एका प्रेसवर. मागचा कॅलिपर उघडून साफ. रबरी नळ्या नव्या, कारण वीस वर्षांच्या नळ्या दाबाखालीं फुगतात. द्रव नवा. चाकांना भरीचीं कडीं, बोल्ट त्या चाकांच्या बैठकीचे, आणि ते १२० न्यूटनमीटरांवर मापाच्या पान्यानें आंवळलेले. आणि चार टायर. टायरांवर आमचा विद्यार्थी कां कूं करूं लागला, कारण नक्षी अजून दिसत होती. परंतु रबर सात वर्षांचें, कांचेसारखें टणक झालेलें. ब्रेक चाक थांबवितो, गाडी थांबवितो तो टायर, हें त्यास मीठमिरची लावून सांगावें लागलें. ऐशींच्या वेगानें कोरड्या रस्त्यावर चांगला टायर गाडीस तीसएक मीटरांत थांबवितो. ओल्या रस्त्यावर घर्षण निम्म्यावर आलें कीं अंतर दुप्पट. तेथें डिस्क २८८ ची आहे कीं ३१२ ची हें रस्त्यास ठाऊक नसतें. सगळें मिळून खर्च झाला तो पहिल्या यादीच्या निम्म्याहून कमी.

एक इशारा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच बजाविलें आहे. ही गाडी पंधरा वर्षांनंतर २०२० सालीं पांच वर्षांकरितां पुन्हां नोंदविलेली होती, आणि २०२५ सालीं पुन्हां आर.टी.ओ.पुढें उभी राहावयाची होती. चकत्या व बाहेर आलेलीं चाकें घेऊन ती तेथें गेली असती तर काय झालें असतें हें आम्ही सांगूं शकत नाहीं. विम्यावाल्यांनीं अपघातानंतर काय म्हटलें असतें ह्याचा अंदाज मात्र करतां येतो.

नवे पॅड व डिस्क एकमेकांच्या अंगवळणीं पडावे लागतात. त्यासाठीं पेठ रोडवर सकाळीं सहा वाजतां जाऊन, साठाच्या वेगावरून वीसपर्यंत असे दहा बारा वेळ आवरून, मध्यें गाडी न थांबवितां, मग पंधरा मिनिटें नुसती फिरविली. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभें राहिलें तर पॅडाचा ठसा डिस्कवर एकाच जागीं उमटतो. घाट उतरून टोलनाक्यावर उभे राहणारांनीं हें ध्यानीं धरावें आणि तेथें हातानें वा पायानें ब्रेक करकचून धरूं नये, जागा सपाट असल्यास पाय सोडावा.

वहिनी लगेच बसल्या नाहींत. पुढच्या दोन खेपा त्या पंचवटी एक्स्प्रेसनेंच गेल्या. कार्तिकांत मुलगा एकटा घाट उतरून, चढून आला, दुसऱ्या गियरांत, आणि आईला त्यानें एवढेंच सांगितलें कीं, घुमत नाहीं. तेव्हां त्या निघाल्या.

आतां त्यांचा मार्गही बदलला आहे. २०२५ च्या ५ जूनला समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि सुमारें आठ किलोमीटरांच्या बोगद्यानें कसारा घाट टळला. ब्रेकांवरची एक परीक्षा गेली, दुसरी आली. तेथें वेगाची मर्यादा ताशीं १२० ची. वेग दीडपट म्हणजे ऊर्जा सव्वादोनपट. चार लक्षांचे नऊ लक्ष जूल झाले. डोळ्यास दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढ्यांतच ३३ मीटर जातात आणि थांबावयास आणखी सत्तर. सगळे मिळून शंभरांवर. घाटांत ब्रेक हळूं हळूं दमतो, येथें एकदांच आणि सर्वस्व मागितलें जातें. आमचा विद्यार्थी नव्वदांवर चालवितो. निदान आई बरोबर असतांना.

त्या रस्त्यानें पहिल्यांदा गेल्या त्या दिवशीं वहिनींचा रात्रीं आम्हांस फोन आला. प्रवास उत्तम झाला, डोळ्यांचें बरें आहे, बोगद्यांत दिवे छान आहेत. "पण भावजी, पुढें डावीकडे कांहीं तरी खुडखुडतें. खड्डा आला कीं दोनदां." मुलगा जवळच होता, त्यानें फोन घेतला आणि उद्यां सकाळीं गॅरेजांत जातों म्हणाला. गेला. मेस्त्रीनें गाडी उचलली, चाकामागचा एक वीतभर दांडा हातांत धरून हलविला, आणि त्याचा गोळ्याचा सांधा सैल निघाला. भाग किरकोळ, काम अर्ध्या तासाचें.